ऑफिसात सगळे माझ्याकडेच बघतात असं वाटतं, पुण्याला निघून जाऊ का?

"ताई, मी 26 वर्षांची, गाव खानापूर तालुक्यात, शाळा सगळी मराठीतून, मग बीकॉम. वर्ष होत आलं, बेळगावात एका फायनान्स कंपनीच्या ऑफिसात अकाउंट्सला आहे, टिळकवाडीत मैत्रिणीबरोबर रूम घेऊन राहते. मार्चमधल्या एका मीटिंगला साहेबांनी वसुलीचे आकडे कन्नडमधून सांगायला लावले, मी मध्येच अडकले, पुढचं काही सुचेना आणि सगळे हसले. तेव्हापासून रविवार संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो, छातीत धडधडतं, हात गार पडतात. ईसीजी काढला, नॉर्मल आला. आता डब्यालाही सगळ्यांबरोबर बसत नाही, जागेवरच खाते. दोन सोमवार तर रजाच टाकली. आई म्हणते नजर लागली, मैत्रीण म्हणते टेन्शन घेऊ नको, शेजारच्या काकूंनी त्यांची झोपेची गोळी दिलीय, अजून घेतली नाही. मला वेड लागतंय का? सोडून पुण्याला जाऊ का, तिथं निदान मराठीत तरी बोलता येईल. आणि एक सांगायचं राहिलं, परवा एक नवीन मुलगा असाच अडखळला तर मीपण सगळ्यांबरोबर हसले. रात्री फार वाईट वाटलं."
— एक वाचक, खानापूर तालुका

वेड लागत नाहीये गं तुला. हे आधी सांगून टाकते, कारण पत्रात तो प्रश्न एकदाच आलाय पण रात्री झोप येत नसताना तू तोच धरून बसत असशील असं मला वाटतंय. धडधड, गार हात, पोटातला गोळा हे सगळं खरंखुरं आहे, आणि ईसीजी नॉर्मल आला म्हणजे तू उगाच करतेस असं अजिबात नाही, त्याचा अर्थ एवढाच की हृदयात बिघाड दिसला नाही आणि धडधडीचं कारण दुसरीकडं शोधायचं. ईसीजी काढलास ते बरंच केलंस. जमलं तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही एकदा बघून घे, थायरॉइड वाढलं तरी अशीच धडधड होते, हात थरथरतात, आणि रक्त कमी असणं तर आपल्याकडं मुलींमध्ये घरोघरी आहे.

आता ते दुसरीकडं म्हणजे कुठं. हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी 1915 मध्ये एका पुस्तकात हे नीट मांडलं की धोका समोर आला की शरीर लढायची नाहीतर पळायची तयारी करतं. अॅड्रेनलिन रक्तात येतं, ठोके वाढतात, रक्त मोठ्या स्नायूंकडं वळतं म्हणून हात गार पडतात, पचन तेवढ्यापुरतं मागं पडतं म्हणून पोटात गोळा. तुझ्या पत्रातली एकेक खूण यात बसते बघ. अडचण अशी की समोर वाघ आहे का मीटिंग आहे हे शरीर विचारत नाही, चार लोकांसमोर अब्रू जाईल ही भीतीही त्याला धोकाच वाटते.

तू खानापूरकडची, तुला हे लगेच कळेल. शेतात हत्ती शिरला की लोक डबे वाजवतात, फटाके लावतात, त्या रात्री कुणी झोपत नाही आणि झोपूही नये. पण हत्ती जंगलात परत गेला तरी रोज रात्री डबे वाजतच राहिले तर महिनाभरात लोक आजारी पडतील. तुझं तेच चाललंय. हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञानं 1936 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून हेच दाखवलं, की ताण कसलाही असो, शरीर आधी दचकतं, मग काही दिवस नेट लावून तोंड देतं आणि ताण हटलाच नाही तर शेवटी थकून जातं. झोप उडणं, अॅसिडिटी, सारखी सर्दी, चिडचिड, हिशोबात साध्या साध्या चुका, हे त्या थकव्याकडं जाणाऱ्या वाटेवरचं. म्हणून मैत्रिणीचं ते 'टेन्शन घेऊ नको' उपयोगी पडत नाही, ती प्रेमानं म्हणते पण टेन्शन काय कुणी दुकानातून आणत नाही, ते आत शरीरात चालू असतं.

आणि हे सगळं एका मीटिंगमुळंच झालं असंही समजू नको. 1967 मध्ये होम्स आणि राहे या दोघा मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या 43 बदलांची यादी केली होती, जोडीदाराचा मृत्यू 100 गुण, लग्न 50 गुण असं करत करत, त्यात नोकरी बदलणं, घर बदलणं, राहणीमान बदलणं हेही आहे, म्हणजे चांगल्या बदलांचाही भार पडतो. तू एका वर्षात गाव सोडलंस, नवीन नोकरी, रूमवर राहणं, स्वतःचा स्वयंपाक, आणि दिवसभर अशा भाषेत काम जी घरात कुणी बोलत नाही. मीटिंगच्या आधीच तू बरंच ओझं घेऊन चालत होतीस.

आता सगळे बघतात याबद्दल. आपल्यावर सगळ्यांचं जितकं लक्ष आहे असं माणसाला वाटतं तितकं ते नसतं, आणि हे मोजून बघितलेलं आहे. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचं मोठं चित्र असलेला टीशर्ट घालायला लावला, त्यांना लाज वाटेल असाच, आणि दुसरी मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. मग विचारलं, किती जणांनी ओळखलं असेल टीशर्टवर कोण आहे ते? त्यांचा अंदाज जवळपास निम्म्यांनी. खरं बघितलं तर चौथाई लोकांनीही ओळखलं नव्हतं. हा अभ्यास 2000 मध्ये छापून आला. तू अडकलीस तेव्हा तुझ्या मनात तो क्षण कोरला गेला, पण टेबलाच्या पलीकडं बसलेल्याचा पुढचा नंबर होता, तो स्वतःचे आकडे बघत होता, कुणाला साहेब वसुलीवरनं बोलणार याची धास्ती होती. मार्चमधल्या त्या मीटिंगला एखाद्या गोकाकच्या किंवा बैलहोंगलच्या सहकाऱ्यानं काय चूक केली होती ते तुला आठवतं का? नाही ना. त्यांनाही तुझं तेवढंच आठवत असणार.

पण ते हसले तर खरं ना, असं तू म्हणशील. हसले. आणि इथं मला तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, जे तू सांगायचं राहिलं म्हणून खाली घातलंस. तो नवीन मुलगा अडखळला आणि तू हसलीस. का हसलीस? तुला त्याचा राग होता का, तो बावळट आहे असं वाटलं का? तुला तर त्याच्या पोटातला गोळासुद्धा कळत असेल, त्या खोलीत त्याची अवस्था सगळ्यात जास्त तुलाच ठाऊक होती, तरी हसलीस, कारण सगळे हसले.

सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञांनी 1951 च्या आसपास एक प्रयोग केला तो यासाठी सांगते. एक रेघ दाखवायची, बाजूला तीन रेघा, त्यातली कोणती पहिलीएवढी ते मोठ्यानं सांगायचं, लहान पोरालाही जमेल इतकं सोपं. पण खोलीतल्या बाकीच्यांना आधीच सांगून ठेवलेलं की काही वेळा एकमुखानं चुकीचं उत्तर द्या. शेवटी ज्याची खरी परीक्षा आहे तो बोलायचा, आणि अशा वेळी तीनातलं साधारण एक उत्तर त्यानं डोळ्यांनी वेगळं दिसत असूनही लोकांसारखं चुकीचं दिलं. चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी असं केलं. ती माणसं वाईट नव्हती की मूर्ख नव्हती. खोलीत सगळे एकीकडं असले की एकट्यानं वेगळं राहणं किती जड जातं एवढंच ते आहे.

म्हणजे तुझ्यावर हसणाऱ्यांपैकी किती जण मनापासून हसले आणि किती जण तुझ्यासारखे, हे तुला बाहेरून कळणार नाही, पण त्यात तुझ्यासारखे होते हे मला पक्कं वाटतं. आपलं नेहमी असं होतं की स्वतः हसलो तर परिस्थिती तशी होती म्हणतो आणि दुसरा हसला तर तो स्वभावानंच तसा. ली रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये या चुकीकडं बोट दाखवलं, दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि त्याच्यावरचं दडपण विसरतो. तू नवीन मुलाच्या वेळी परिस्थितीनं हसलीस तर तुझ्या वेळी ते सगळे दुष्टपणानं हसले असं कसं गं होईल. थोडे तसे असतीलही, प्रत्येक ऑफिसात एखादा असतो, त्याच्यासाठी आपली झोप घालवायची नाही.

अॅश यांच्या प्रयोगातला पुढचा भाग मला जास्त आवडतो. खोलीत फक्त एक माणूस जरी खरं उत्तर देणारा ठेवला तर त्या चुका चौथाईवर यायच्या. एकच माणूस. तुझ्या ऑफिसात तो एक माणूस आता आलेला आहे, तो नवीन मुलगा. उद्या जाऊन त्याला सांग की मीपण मार्चमध्ये अशीच अडकले होते, आणि परवा मी हसायला नको होतं, सॉरी. एवढंच, लांबण लावू नको. त्याला बरं वाटेलच, पण मी हे तुझ्यासाठी सांगतेय, पुढच्या मीटिंगला त्या खोलीत एक चेहरा असा असेल ज्याला तुझी अवस्था माहीत आहे.

आता खरा मुद्दा, जो मला तुला सांगायचाच आहे. मार्चची मीटिंग दहा मिनिटांत संपली. भीती अजून का टिकली? कारण तू बाजूला होत गेलीस. रजा टाकलीस त्या सोमवारी सकाळी किती हलकं वाटलं असेल, धडधड लगेच थांबली असेल. तो हलकेपणाच घात करतो बघ. मेंदू त्यातून शिकतो की गेली नाही म्हणून वाचली, म्हणजे तिथं खरंच धोका होता. मग पुढचा सोमवार आणखी मोठा वाटतो, मग डब्याचं टेबल टाळलं, उद्या फोन उचलायला नको वाटेल, परवा लिफ्टमध्ये कुणी असलं तर जिन्यानं जाशील. भीतीला जेवढी जागा रिकामी करून देशील तेवढी ती पसरते. काही न बिघडता परत आलो हे मेंदूला प्रत्यक्ष दिसल्याशिवाय तो नुसत्या समजावण्यानं ऐकत नाही, म्हणून माझं हे एवढं लांबलचक वाचूनही सोमवारी धडधडणारच आहे, त्यानं निराश होऊ नको.

पण एकदम मीटिंगमध्ये उभी राहून कन्नडमध्ये भाषण कर असं मी सांगणार नाही, तसं करून लोक आणखी घाबरतात. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1924 मध्ये पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली, ती कशी, तर पोरगा आवडीचं खात असताना ससा खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात ठेवायचा, मग रोज जरा जवळ. आणि न भिणारी दुसरी मुलंही तिथं असायची. शेवटी पोरगा सशाला हात लावायला लागला. आजही भीतीवरच्या उपचाराचा गाभा हाच आहे, हळूहळू जवळ जायचं आणि धडधड आपोआप उतरेपर्यंत तिथंच थांबायचं.

म्हणून तू डब्यापासून सुरू कर. जागेवर खाणं उद्यापासून बंद. टेबलावर जाऊन बस, बोललं नाही तरी चालेल, पण मध्येच उठायचं नाही, पहिली पाच-दहा मिनिटं नकोसं होईल मग उतरेल. आठवडाभरानं एखादं वाक्य कन्नडमध्ये, भाजी कशी झालीय एवढंच. मग एखाद्या सहकाऱ्याला कामाचं काही त्याच्या टेबलाशी जाऊन विचार. मग मीटिंगमध्ये एक आकडा, बसल्या जागेवरून. आणि साहेबांना आधी भेटून सरळ सांग की आकडे मी नीट तयार करते, सांगताना कन्नड-इंग्लिश-मराठी मिसळलं तर चालेल का. बेळगावात कोण शुद्ध एका भाषेत बोलतं गं, गणपत गल्लीत भाजीवाली एकाच गिऱ्हाइकाशी तीन भाषा बोलते आणि हिशोब चुकत नाही. तुझे कन्नडवाले सहकारी तुझ्याशी मोडकंतोडकं मराठी बोलतात तेव्हा तुला त्यांची कीव येते का? मला तर वाटतं तुला आपुलकीच वाटत असेल. मग तुझ्या कन्नडबद्दल त्यांना वेगळं काही वाटेल असं का धरून चालायचं.

दोन सवयी मात्र सोड. तू पत्रात लिहिलं नाहीस पण माझा अंदाज आहे की रविवारी रात्री वाक्यं पाठ करत असशील, आणि मीटिंग झाल्यावर रात्री तीच परत परत मनात चालवत असशील. लोकांसमोर बोलायची भीती असलेले जवळपास सगळेच हे करतात आणि दोन्हींनी भीती वाढते, कारण पाठ केलेलं एक जरी सुटलं की सगळी गाडी थांबते, आणि लक्ष सगळं आपल्याच आवाजावर, आपल्याच हातांवर राहतं. वाक्यं पाठ नको, मुद्दे कागदावर लिही आणि बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडं बघ, त्याला कळतंय का एवढंच बघ. धडधड फारच वाढली तर श्वास सावकाश सोड, घेतला त्याच्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, तीन-चार मिनिटं. त्यानं भीती जाणार नाही पण शरीर जरा खाली येईल. रविवारी संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको.

काकूंची गोळी परत दे. हे मी कडकच सांगते. दुसऱ्याच्या नावावर लिहिलेली झोपेची गोळी घ्यायची नसते, त्यातल्या काहींची सवय लागते आणि ती सोडताना त्रास होतो, शिवाय तुला गोळी लागते का आणि कोणती हे काकूंना कसं कळणार.

डॉक्टरकडं कधी जायचं तेही लिहून ठेवते. वरचं सगळं महिना-दीड महिना मनापासून करूनही फरक नाही, किंवा आत्ताच झोप आणि जेवण पार बिघडलंय, ऑफिसला जाणंच बंद होईल असं वाटतंय, किंवा कसलाच रस उरला नाही, तर थांबू नको, मानसोपचारतज्ज्ञाला दाखव. लोकांमध्ये वावरायची भीती सहा महिने आणि वर टिकून कामात, घरात अडथळा आणायला लागली तर तो आजार धरतात, आणि तो बरा होणाऱ्यातला आजार आहे, बोलण्याचे उपचार असतात, गरज पडली तर औषधंही असतात, ती लागू पडायला काही आठवडे जातात आणि मनानं बंद करायची नसतात. बेळगावात सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स आहे, ते तर अशाच कामासाठीचं जुनं सरकारी हॉस्पिटल. आधी नुसतं बोलून बघायचं असेल तर टेलिमानसचा 14416 नंबर आहे, केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेला, फुकट, रात्रंदिवस चालू, भाषा निवडता येते, मराठीही आहे. आणि जगण्यात काय अर्थ नाही असा विचार एकदा जरी मनात आला तर त्याच रात्री तो नंबर लाव आणि मैत्रिणीला उठवून सांग, सकाळची वाट बघू नको.

गावात कळेल ही धास्ती असेल तर, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क स्पष्ट दिलेला आहे, कायद्यातले थोडे अपवाद सोडले तर दवाखान्यातनं बाहेर कुणाला सांगता येत नाही.

आईवर चिडू नको. ती मीठ-मोहरी ओवाळते तेव्हा तिला दुसरं काय करावं कळत नाही म्हणून ओवाळते, ओवाळू दे, आणि नंतर शेजारी बसून हे सगळं तिला एकदा सांग, मार्चपासूनचं. मला वाटतं तिला मीटिंगचं काही माहीतच नाही, तू फक्त छातीत धडधडतं एवढंच सांगितलं असशील. जवळच्या एका माणसाला खरं कारण माहीत असलं तरी ताणाचा मार कमी बसतो.

पुण्याचं. आपल्याकडची किती पोरं-पोरी तिकडं जाऊन चांगली स्थिरावलीत, जाणं चूक नाही. पगार चांगला असेल, काम आवडीचं असेल तर खुशाल अर्ज कर. पण मीटिंग टाळायला म्हणून जाऊ नको, तिथंही सोमवारची मीटिंग असणार, तिथं इंग्लिशमध्ये बोलायला लावतील आणि तिथलं मराठीही तुझ्या खानापूरच्या मराठीपेक्षा वेगळंच ऐकू येईल, मग तिथून कुठं जाशील. आत्ता राजीनामा लिहू नको. डब्याच्या टेबलावर परत बस, त्या मुलाशी बोल, दोन-तीन मीटिंगला हजर राहा, एखादीत तरी एक आकडा सांग. त्यानंतरही जावंसं वाटलं तर पुण्याच्या जाहिराती आपण दोघी मिळून बघू, मला परत लिही.